उतारावरचा पाय

"हे भोकं काऊन पाहिजेत तुले?" लालसूने दिव्यानीचा मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून विचारलं.

"त्यानं ब्रेकची डिस्क थंड राहते, काका. शर्यतीच्या गाड्यांना असतात."

"राहत असन. पण खाणीवरची धूळ जाऊन बसन ना त्या भोकात. मंग काय, रोज संध्याकाळी काडीनं कोरत बसशील?"

मी स्टुलावर बसल्या बसल्या हसलो. दिव्यानीने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट चहाच्या कपात तोंड घातलं.

दिव्यानी माझी मुलगी. गडचांदूरजवळ चुनखडीच्या खाणीवर इंजिनियर आहे. गेल्या वर्षी तिने एक जुनी पिवळी गाडी घेतली. दोनच दारं, आणि पळायला अशी की पायाला जरा खाज सुटली तरी शंभरवर जाते. रोज ती याच गाडीने कामावर जाते आणि महिन्यातून एका रविवारी नागपूरकडे शर्यतीत उतरते. मी बत्तीस वर्षं एसटी चालवली. एवढी गाडी कशाला, असं माझं मत होतं. पण मला विचारतो कोण! ब्रेक झिजले तेव्हा मात्र मी हटून बसलो. ब्रेक निवडणार तो लालसूच. डेपोत माझ्या बसचे ब्रेक त्यानेच सांभाळले होते. निवृत्तीनंतर त्याने गावाच्या टोकाला पत्र्याची शेड टाकली आणि तिथे तो फक्त ब्रेकचं काम करतो. दुसरं काही घेऊन गेलात तर हात जोडून परत पाठवतो.

"बरं, डिस्क साध्या घेऊ," दिव्यानी म्हणाली. "पण डिस्कला धरणारे पॅड हेच. शर्यतीचे. कितीही तापले तरी सोडत नाहीत."

"तापल्यावर सोडत नाई, खरं हाय. पण थंडे असले तं धरतही नाई. सकाळी कितीला निघते तू?"

"साडेपाचला."

"अन् रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं, तं त्याले सांगशील का, थांब बाप्पा, माझे प्याड तापून राह्यले?"

लालसूने दोन-तीन खोकी उघडली, एकेक पॅड बोटाने घासून पाहिलं आणि एक जोडी तिच्या हातात दिली. "हे घे. पहिल्या दाबाले धरते, अन् तुह्या शर्यतीतही टिकते. डिस्क बिनभोकाची, जाड."

"शर्यतीत गाडी थांबली नाही, तर तुमचं नाव सांगेन सगळ्यांना."

"सांग ना. मी का कोणाले भेतो?"

ब्रेक बसवून झाल्यावर त्याने गाडी स्वतः रस्त्यावर नेली. पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून वेग घ्यायचा, दाबायचं, पूर्ण थांबायच्या आत सोडायचं, असं दहा वेळा केलं. परत येऊन म्हणाला, "आता आठवडाभर एक पथ्य. ब्रेक गरम असतानी पाय दाबून गाडी उभी ठेवायची नाई. डिस्कवर प्याडचा छाप पडते."

हे मीही ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. बत्तीस वर्षं ब्रेक दाबलेल्या माणसाला का आता हे शिकवणार?

जिवतीच्या घाटात, ऐन उतारावर मोहाच्या झाडाखाली एक देव आहे. मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसता दगड. आम्हा ड्रायव्हरांचा रिवाज असा की ब्रेकचं काम झालं की गाडी त्याच्यासमोर आणायची आणि उतारावर नुसत्या पायावर धरून ठेवायची. हँडब्रेक नाही, गियर नाही. शंभर मोजायचे. ब्रेक धरतो हे देवाने एकदा पाहिलं की पुढे चिंता नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, दिव्यानीला सुट्टी होती. ती झोपलेली पाहून मी किल्ली उचलली. खरं सांगतो, घाट उतरताना मला लई मजा आली. काय गाडी होती! प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत खाली आलो आणि देवासमोर पाय दाबून उभा राहिलो. शंभर मोजले. मग पोरीची गाडी आहे म्हणून आणखी शंभर मोजले.

सोमवारी ती कामावरून आली ती तणतणतच.

"ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं! बघा तुमचा लालसू! मी आता त्याला सांगून येते आणि गाडी नागपूरला नेते. तिथं मला पाहिजे तेच बसवीन."

मी तिच्यासोबत गेलो. रस्ताभर मला वाटत होतं, दुसरंच काही निघावं. बोल्ट ढिला निघावा, टायरमध्ये दोष निघावा.

लालसूने चाक काढलं. चकचकीत डिस्कवर एक करडा डाग होता, बरोबर पॅडच्या मापाचा. त्याने त्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"माह्यंच चुकलं, बाई," तो म्हणाला. "मी बरोबर बसवले नाई. घेऊन जा नागपूरले."

मी गप्प राहिलो असतो तर दिव्यानीला कळलं नसतं. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे मी घरात शंभरदा ऐकवलेलं. पण ते ओरखडे ज्याच्यामुळे पडले नाहीत तो माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"त्याचं काही चुकलं नाई, दिव्या," मी म्हणालो. "काल गाडी मी नेली होती. घाटातल्या देवापुढे गरम ब्रेकवर पाय दाबून उभा राह्यलो. यानं सांगितलं होतं, तरी राह्यलो."



"किती मोजले?" दिव्यानीने विचारलं.

"दोनशे."

"शंभर मोजतात ना, बाबा? लहानपणी तुमच्या बसमध्ये मीच मोजायची."

"तुझी गाडी होती म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाह्या वर सारून लालसूशेजारी उकिडवी बसली. "हे निघतं का, काका?"

"निघते ना. काचपेपरनं घासू, पुन्हा दहा वेळा पळवू. पण नागपूरले जायचं होतं ना तुले?"

"द्या इकडे. मी घासते."

दोघं तासभर घासत होती. मी लालसूला हळूच म्हणालो, "खोटं काऊन बोलला बे?"

"पोरीपुढं तुमची मान खाली जाते, भाऊ. माह्यं काय, मी खालीच बसून काम करतो."

काम झाल्यावर त्याने चाक चढवलं आणि गाडी रस्त्यावर काढायला किल्ली मागितली. दिव्यानीने ती त्याला दिली नाही. माझ्यापुढे धरली.

"बाबा चालवतील," ती म्हणाली. "तुम्ही बाजूला बसून सांगा, काका. मी मागे बसते."

मी किल्ली घेतली. डोळे भरून आले होते, म्हणून आधी गाडीला उगाच एक चक्कर मारून आलो आणि मगच आत बसलो.