पात्याची पेनी

टॉर्किल म्हाताऱ्याने खिशातून एक पेनी काढली आणि इशबेलने दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

"घे की," तो म्हणाला.

"नाही घेणार."

"अगं, पेनी आहे, विंचू नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोघांच्या मधोमध, सुरी पडली होती. मुर्डोआजोबांची सुरी. किल्ट, तो पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घातला की मोज्यात खोचायची, वीतभर लांबीची, पिवळसर हस्तिदंती मुठीची. आजोबा जाऊन तीन आठवडे झाले होते. जायच्या आधी त्यांनी इशबेलकडून वचन घेतलं होतं, की सुरी त्यांच्या जुन्या मित्राला, टॉर्किललाच द्यायची आणि ती इशबेलनं स्वतःच्या हातानं द्यायची. आणि टॉर्किल तर आज संध्याकाळच्या बोटीनं अलापूल गाव सोडून कायमचा लेकीकडे, लुईस बेटावर राहायला चालला होता. म्हणजे द्यायची तर आजच.

आता धारेची वस्तू भेट मिळाली की घेणाऱ्याने एक नाणं द्यायचंच, नाहीतर ती धार पहिल्यांदा मैत्रीवर चालते, हे अलापूलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. इशबेललाही ठाऊक होतं. पण तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिने गेल्या महिन्यात वर्गासमोर उभं राहून, एकदाही न अडखळता, तब्बल पंधरा मिनिटं सांगितली होती. शेवटी बाईंनाच म्हणावं लागलं होतं, "बस आता, इशबेल."

"हस्तिदंत विकायला बंदी आहे," ती म्हणाली. "मग तो वारशाने आलेला का असेना. सूट मिळते ती फार थोड्या जुन्या वस्तूंना. ही सुरी त्यात बसत नाही, मी बघितलंय. नुसती भेट दिली तर चालतं. पण तुम्ही पेनी दिलीत की झाली ती विक्री."

"एका पेनीची विक्री?"

"कमीत कमी किती, असं काही कायद्यात लिहिलेलं नाही."

तिची आई, कर्स्टीन, सिंकपाशी बटाटे सोलत होती. "कुणाला कळणारे, इशबेल? घे आणि मोकळी हो."

"मला कळेल ना!"

"झालं," आई हातातल्या बटाट्याला म्हणाली. "हिने आता घरातच पोलीस ठाणं उघडलंय."

टॉर्किलने पेनी परत खिशात टाकली. रागावला नव्हता तो. उलट फार शांतपणे म्हणाला, "मग राहू दे सुरी. तुझ्याकडेच शोभेल."

"असं कसं? मी वचन दिलंय!"

"हे बघ पोरी. अठ्ठ्याहत्तर साली मुर्डोच्या भावानं त्याला मासे साफ करायचा चाकू दिला. मुर्डोनं नाणं दिलं नाही, नुसता हसला. त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत."

"ते कुंपणावरून भांडले होते, टॉर्किल!" आई सिंकपासून म्हणाली.

"भांडायला कुंपण निमित्त." त्याने चहाचा घोट घेतला. "मुर्डो असता ना, तर मी फुकट घेतली असती. भांडलो असतो दणकून. चार दिवसांनी तोच आला असता माझ्या दारात, हातात बांगडे घेऊन. आता काही तुटलं तर जोडायला कोण येणार?"

आई सोलत होती, सालं पाण्यात पडत होती. इशबेलने सुरी उचलली, उजेडात धरली, एकदा मूठ पाहिली, एकदा पातं पाहिलं. मग पुन्हा मूठ.

"टॉर्किल, मैत्री नक्की कापतं काय? मूठ की पातं?"

"पातं! मुठीनं काय कापणार, लोणी?"

"आणि पात्यात हत्तीचं काय आहे?"

टॉर्किलचा कप अर्ध्या वाटेत थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला, की चहा बशीत सांडला. "कर्स्टीन, ऐकलंस का? मुर्डो मेला असं कोण म्हणतं!"

"दोन्ही वेगळी करता येतील?" इशबेलने उडीच मारली. "मी गरम पाण्यात घालते."

"पाण्यात नको! तडकेल मूठ. आण इकडे." टॉर्किलने तीस वर्षं बोटींच्या इंजिनांत हात घातले होते. त्याने मुठीला जाड फडकं गुंडाळलं, मंद गॅसवर पातं हळूहळू तापवलं. "आत जुनी राळ भरलेली असते. ती नरम पडू दे. घाई करायची नाही."

बराच वेळ काहीच झालं नाही. आईने बटाटे तसेच सोडले आणि बघायला आली. मग जळक्या राळेचा वास आला, टॉर्किलने मनगटाला हलकासा पीळ दिला आणि पातं सुटून आलं, मुठीत रुतलेल्या मागच्या काळ्या काडीसकट.

ते निवल्यावर इशबेल ताठ उभी राहिली. "एक पातं. पोलादी. किंमत एक पेनी."

"महाग सांगतेस," म्हणत टॉर्किलने पेनी तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ घट्ट मिटली. मग दुसऱ्या हाताने तिने हस्तिदंती मूठ पुढे केली. "आणि ही भेट. आजोबांकडून. हिच्यासाठी काही द्यायचं नाही."

"धन्यवादसुद्धा नाही?"

"म्हणा. पण बेतानं."

डोळे पुसायला त्याला तेच राळेचं फडकं सापडलं, आणि गालभर काळा पट्टा उमटला. आईने तो ओल्या टॉवेलने पुसून काढला.

लेकीकडे गेल्यावर दोन्ही पुन्हा जोडायचं ठरलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातं इशबेलच्या हुकमावरून बॅगेच्या तळाशी गेलं. मूठ मात्र टॉर्किलने कोटाच्या उजव्या खिशात ठेवली आणि तिच्यावर हात ठेवूनच तो बोटीवर चढला. कठड्याशी उभा राहिला तेव्हाही तो हात बाहेर आला नाही. इशबेलला त्याने निरोप दिला तो डाव्या हाताने, बोट वळेपर्यंत.