लाल रंगातलं नाव

“रंग लावू नका, तादोकोरोसान. यंदा राहू द्या.”

थडग्यांच्या आवारात मी रंगाचा डबा उघडत होतो; साचीसान मागे येऊन उभ्या आहेत हे मला कळलंच नव्हतं. पितर घरी येतात ते ओबोनचा सण चार दिवसांवर आला होता. आमच्या माकाबे गावात पुष्कळ जोडपी जिवंतपणीच थडगं बांधून दोघांची नावं कोरून घेतात. जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरायचा आणि माणूस गेला की तो खरवडून काढायचा. उन्हापावसानं उडालेला रंग मी दर उन्हाळ्यात पुन्हा भरतो. पाथरवटाच्या धंद्यातलं हे सर्वांत हलकं काम.

“का हो? पार उडालाय की.”

“रंगही नको आणि नावही नको. तासून टाका ते.”

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबलेली ही बाई, आवाज चढवून बोललेली कुणी ऐकली नव्हती. शेजारचं नाव त्यांच्या नवऱ्याचं, किहाचीसानचं. त्याचा लाल रंग मीच नऊ वर्षांपूर्वी काढला होता.

“मला ह्यांच्या शेजारी नाही झोपायचं,” त्या म्हणाल्या. “डोंगरातल्या देवळात मेपलच्या झाडाखाली माझ्या अस्थींसाठी जागा धरून ठेवलीय मी. अनोळखी लोकांत. तुम्हीच सांगितलं होतं ना, माझ्या नावाचं अक्षर कुठून आलं ते? आठवतंय?”

आठवत होतं. न आठवायला काय झालं!

साची, म्हणजे सुख. 幸. हे अक्षर कोरत होतो तेव्हा नवराबायको दोघं बघायला आले होते. मला शहाणपणा दाखवायची भारी हौस. म्हटलं, हजारो वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर अक्षरं कोरायचे, तेव्हा हे हातकड्यांचं चित्र होतं. तेव्हा गुन्हेगाराचं नाक कापायचे, पाय तोडायचे. ज्याचं नुसत्या हातकड्यांवर भागलं तो सुखी. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं होतं.

किहाचीसान पोट धरून हसले होते. “बघ, बघ! नाक शाबूत, पाय शाबूत! आणखी काय पाहिजे गं तुला?”

मीही हसलो होतो. साचीसान आम्हाला चहा ओतत होत्या.

“त्यांनी कधी हात उगारला नाही,” आता त्या म्हणाल्या. “दारूचा थेंब नाही. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. आई माहेरी, नीगाताला, शेवटच्या घटका मोजत होती. मी म्हटलं, जाऊन येते. हे म्हणाले, संध्याकाळच्या जेवणाचं काय? मी आपली माशांना मीठ लावत बसले. दोन दिवसांनी तार आली.”

मी धंद्यातलंच बोललो. एकच नाव काढता येत नाही, दगडाची सगळी बाजू तासावी लागेल, किहाचीसानचं नाव पुन्हा कोरावं लागेल. शिवाय थडगं आता मुलाच्या नावावर. तेत्सुओची सही लागेल.

“तो म्हणतो, लोक काय म्हणतील. तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल.”

“सांगतो. ओबोनला येईल तेव्हा सांगतो.”

ओबोनला तेत्सुओ आला. सोबत बायको, मुली, फुलं. अशा वेळी कसं बोलायचं, म्हणून मी सप्टेंबरवर टाकलं. सप्टेंबरात त्यानं आपल्या सासऱ्यांचं थडगं माझ्याकडेच करायचं ठरवलं, म्हणून पुन्हा गप्प बसलो. खरं सांगायचं तर मी भित्रा आहे. साचीसान वाटेत भेटल्या की नुसतं बघायच्या. विचारायच्या नाहीत. न विचारायची सवय त्यांना घरातच लागली होती.

नोव्हेंबरात, भाजी चिरता चिरता, त्या गेल्या.

“काका, आईचा रंग काढायचाय,” तेत्सुओचा फोन आला. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. सगळं सांगितलं, मेपलचं झाडसुद्धा.

“आई म्हणायची खरं काहीबाही,” तो म्हणाला. “पण बाबा काय वाईट होते का हो? आणि आता पाहुण्यांना काय सांगू?”

मी रंग काढला. त्यांच्या नावातला प्रत्येक कोपरा सुईनं कोरून साफ केला. नाव इतरांसारखं करडं झालं.

माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायची आमची रीत; त्या दिवशी कलश घेऊन सगळे आले. मी खालची शिळा सरकवली, कलश नवऱ्याच्या कलशाशेजारी ठेवला, शिळा परत लावली. मग भोवतालची फट सिमेंटच्या मसाल्यानं लिंपायची असते.

“थंडीत मसाला धरत नाही,” मी तेत्सुओला म्हणालो. “पुढे बघू.”

त्यानं मान डोलावली. त्याला यातलं काय कळणार!

या गोष्टीला दोन वर्षं झाली. शिळा अजून सरकवता येते; पण त्या बाईंना आता त्याचा काय उपयोग, हे मलाही कळतं. ती फट मी अजून लिंपलेली नाही.