सतराची खोटी आई

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे, पण माझ्याशी कुणी कधी भातुकली खेळलं नाही. मी म्हणजे पांढऱ्या क्रौंच पक्ष्याचं नुसतं डोकं आणि मान. लाकडी चोच, पिवळे काचेचे डोळे आणि आत हात घालायला कापडाची लांब बाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दलदलीकाठी एका शेडमध्ये मी खुंटीला टांगलेली असते.

इथे पक्षी सांभाळणाऱ्या लेस्टरने मला एका हिवाळ्यात कोरलं. डोळे जरा वटारलेले झाले, तेव्हा सासूबाईंची आठवण येते म्हणून तो हसला होता. मग त्याच्याबरोबर काम करणाऱ्या ट्रूडीने माझ्यात हात घातला आणि तो हातच माझा जीव झाला.

या दलदलीतून क्रौंच कधीच नाहीसे झाले होते. ते परत यावेत म्हणून ही माणसं पिल्लं वाढवत. पिल्लाला माणसाचा लळा लागता कामा नये, हा त्यांचा नियम. म्हणून ट्रूडी अंगभर पांढरा झगा घालायची, तोंडावर जाळी ओढायची आणि पिल्लासमोर चकार शब्द काढायची नाही. सतरा नंबरच्या मादी पिल्लाने अंडं फोडून मान वर केली, तेव्हा तिला समोर मी दिसले. मी तिला किडे भरवले, चिखलात चोच खुपसायला शिकवलं. ती मला बिलगून झोपायची. मला खरंच वाटू लागलं की मी आई आहे.

पानगळीत वाट दाखवणाऱ्या एका चिमुकल्या विमानामागून उडत ती दक्षिणेला, उबदार फ्लोरिडाला गेली. वसंतात एकटीच परत आली. तिच्या पायाला बांधलेल्या यंत्राची टिकटिक रेडिओवर ऐकून ट्रूडी शेडमध्ये नाचली होती.

पण तिसऱ्या वर्षी ती टिकटिक एका धान्याच्या गिरणीजवळच अडकून राहिली. तिथे मका सांडलेला असे. ट्रकांच्या चाकांमधून सतरा निवांत फिरू लागली.

लेस्टर म्हणाला, "झगा घाल आणि बोलाव तिला. धावत येईल. पिंजऱ्यात तरी जिवंत राहील बिचारी."

"आणि मग जन्मभर तिने पिंजऱ्याच्या जाळीतून बघायचं होय रे?" ट्रूडी म्हणाली. "आज मी अशीच जाते. माणूस किती वाईट असतो ते तिला कळू दे."

गिरणीपाशी मला गाडीत लेस्टरजवळ ठेवून ती साध्या कपड्यांत उतरली. हातात पातेलं आणि पळी. बडवत, किंचाळत ती सतराच्या अंगावर धावून गेली. जिच्यासाठी ती इतके दिवस मुकी राहिली, तिने ट्रूडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

सतरा घाबरली. पण ती उडाली नाही, मित्रांनो. तिला गाडीच्या काचेआड मी दिसले आणि ती माझ्याकडे पळत आली. काचेवर चोच आपटू लागली. पिल्लू असताना भ्यायली की जशी कण्हायची, तशीच कण्हत होती. माझ्यात हात नव्हता. मी नुसती बघत राहिले.

ट्रूडीचा आवाज फाटला. "लेस्टर, झाक तिच्या आईला."

माझ्यावर पोतं पडलं. अंधारात मला काचेवरची टकटक ऐकू येत होती, पातेल्याचा ठणठणाट ऐकू येत होता. मग टकटक थांबली आणि मोठे पंख फडफडले.

सतरा गिरणीकडे परत कधी आली नाही. दर वसंतात ती दलदलीवरून खूप उंचावरून जाते. ट्रूडी दिसली की आणखी वर चढते. ट्रूडी म्हणते, हेच तर हवं होतं. म्हणते आणि डोळे पुसते.

कधीकधी संध्याकाळी ट्रूडी माझ्यात हात घालते, रेडिओ लावते आणि आम्ही दोघी ती टिकटिक ऐकत बसतो. माझी चोच आपोआप उघडते. मित्रांनो, रानातल्या एखाद्या जिवावर तुमचा जीव जडला, तर त्याला लांबूनच बघा. तो तुम्हाला पाहून पळाला, तर मागून हाक मारू नका. माझ्या काचेच्या डोळ्यांसमोर अजून ती काच आहे, आणि काचेपलीकडे ती.