इंजिनवाले, डबेवाले आणि एक तिफण

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक भिंत उभी करा. फार उंच नको. दहा-अकरा वर्षांच्या मुलानं उडी मारली तर पलीकडचं दिसेल, एवढीच. विटा लाल, आणि मधोमध एक भगदाड. त्यातून शेळी सहज जाईल, सामानाचा ठेला जेमतेम. ही भिंत लखनौच्या आलमबागेत उभी आहे. अलीकडे रेल्वेच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांची घरं, पलीकडे रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्यांची. दिसली? आता दोन्ही बाजूंना मुलं सोडा. भरपूर सोडा, कारण त्या घरांत मुलांना तोटा नव्हता.

अलीकडच्यांना सगळे इंजिनवाले म्हणत आणि पलीकडच्यांना डबेवाले. इंजिनवाले म्हणत, आम्ही नसलो तर तुमचे डबे उभ्याउभ्या गंजतील. डबेवाले विचारत, आणि तुमचं इंजिन एकटं कुठं जाणार, सासुरवाडीला?

खरं भांडण मात्र मैदानाचं होतं. फुटबॉल खेळण्याजोगं मैदान इंजिनवाल्यांकडे आणि पाण्याचा नळ डबेवाल्यांकडे. १९७३ साली इंजिनवाल्यांनी मैदान बंद केलं, तर डबेवाल्यांनी नळावर पहारा बसवला. चार दिवस एक बाजू खेळाविना आणि दुसरी पाण्याविना राहिल्यावर मोठ्या माणसांनी सांगितलं, एकदाचा सामना खेळा आणि मोकळे व्हा. डबेवाले एका गोलनं जिंकले. इंजिनवाले म्हणाले, गोलच्या विटा सरकवल्या होत्या. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा सामना ठेवला, आणि मोकळं कुणीच झालं नाही.

तेव्हापासून दर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सामना होऊ लागला. गार्डची नोकरी करून निवृत्त झालेले हेमचंद्रबाबू शिट्टी घेऊन पंच व्हायचे. त्यांनी आपला जुना लाल-हिरव्या काचेचा कंदील बक्षीस म्हणून दिला होता. जिंकणाऱ्यांच्या कॉलनीत तो वर्षभर मिरवायचा. १९७५ साली ऐन सामन्यात बावीस म्हशी मैदानात शिरल्या आणि बाहेर निघायला तयार होईनात. त्यामुळे १९८१ पर्यंतचा हिशेब मुलं असा सांगत : इंजिनवाले चार, डबेवाले चार, म्हशी एक.

१९८२ साली मात्र डबेवाले चार विरुद्ध एक असे जिंकले. कसे, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि आता तुम्हाला कळणार आहे.

डबेवाल्यांच्या गोलमध्ये तेव्हा दहा वर्षांची सुचित्रा उभी राहायची. कडक जमिनीवर गुडघे फोडून घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून मुलगी असण्याचा प्रश्न कुणी काढला नाही. तिचे वडील श्रीपत आणि आई कमल यवतमाळकडचे. सुचित्रा जन्मली लखनौत. आई मराठीत बोलायची आणि सुचित्रा हिंदीत उत्तर द्यायची. ‘जेवलीस का?’ ‘हाँ आई, खा लिया.’ असा त्यांचा रोजचा संवाद.

तर झालं असं, की खेळताना ‘दाएँ दे, बाएँ दे’ असं ओरडलं की इंजिनवाल्यांनाही ते कळायचं. डबेवाल्यांचा कप्तान मधुसूदन त्यामुळे वैतागला होता. सुचित्रानं सुचवलं, माझी आई घरात बोलते ते शब्द वापरू. मग रोज संध्याकाळी अकरा जण कमलच्या ओट्यावर बसून पोहे खाऊ लागले आणि ‘डावीकडे, उजवीकडे, मागे, सोड’ पाठ करू लागले. सामन्यात ते शब्द ऐकून इंजिनवाले चक्रावले. ही बंगाली असावी असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मद्राशी असल्याची पैज लावली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी श्रीपत यांना बढती मिळाली आणि दोन खोल्यांचं घर मिळालं. ते भिंतीच्या अलीकडे होतं, इंजिनवाल्यांत. अंतर दोनशे पावलं. सामानाचा ठेला मधुसूदननं भगदाडापर्यंत ढकलत आणला आणि तिथंच सोडला. ‘यहाँ से आगे मैं नहीं आता,’ असं म्हणून तो मागे वळला. सुचित्रानं उरलेली पावलं ठेला एकटीनं ओढला.

आता ज्या कॉलनीत राहायचं तिच्याकडून खेळायचं, हा नियम पहिल्यापासूनचा. इंजिनवाल्यांचा कप्तान जयसिंग तेरा वर्षांचा होता आणि मिशी येण्याची वाट पाहत होता. त्यानं सुचित्राला गोलमध्ये उभं केलं आणि वीस चेंडू मारले. सतरा तिनं अडवले. तो खूश झाला, पण लगेच म्हणाला, ‘पहले उनके बोल बता. जब तक नहीं बताती, तू उधर की है.’

तुम्ही काय केलं असतं? सांगितलं तर जुन्या मित्रांशी दगाफटका, न सांगितलं तर मैदानाबाहेर बसायचं, आणि ज्या कॉलनीत राहायचं तिथं परकं व्हायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपलं कुणी नाही, ही फार अवघड जागा असते. सुचित्रा दोन दिवस तिथं उभी राहिली. मग तिनं जयसिंगला सांगितलं, की मी शब्द सांगीन, पण सांगणार आहे हे आधी त्यांना कळवून येईन.

‘दुश्मन को चिट्ठी लिखकर कौन लड़ता है?’ जयसिंगनं कपाळाला हात लावला.

ती ऐकेना. सामन्याला आठ दिवस होते. आठ दिवसांत ते काय नवं शोधणार, असा विचार करून जयसिंगनं हो म्हटलं. सुचित्रा भगदाडाशी गेली आणि मधुसूदनला हाक मारून तिनं सगळं सांगितलं. तो विटेचा कोपरा नखानं कुरतडत ऐकत होता.

‘बता के जा रही है, ये ठीक किया,’ एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुचित्रा शाळेतून आली तेव्हा आई पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या घासत होती. ताटल्या अकरा होत्या. कमलनं काही लपवलं नाही. मधुसूदन सगळ्यांना घेऊन आला होता, त्याला नवे शब्द हवे होते, ते आपण दिले, असं तिनं सरळ सांगितलं. सुचित्रा चिडली. आपली आई असून शत्रूला शिकवते, हे तिनं हिंदीत दोनदा बोलून दाखवलं.

‘इंजिनवाली तू झालीस,’ कमल म्हणाली. ‘मी तर दोन्हीकडच्या बायकांबरोबर पापड लाटते. आणि शिकायला आलेल्या लेकराला मी नाही म्हणत नसते. कोणते शब्द दिले ते मात्र विचारू नकोस. मी वचन दिलंय.’

सुचित्रानं विचारलंही नाही. मराठीच ना, मग मला येतंच, असं तिला वाटलं. जयसिंगला तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, त्यांनी कोणताही शब्द आणू दे, मी गोलमधून ऐकीन आणि तुम्हाला ओरडून अर्थ सांगीन. जयसिंगनं त्या भरवशावर सगळी आखणी केली.

रविवारी धुकं उठायला अकरा वाजले. मग हेमचंद्रबाबूंनी शिट्टी वाजवली. पाचव्या मिनिटाला मधुसूदन ओरडला, ‘वखर!’

इंजिनवाले सगळे सुचित्राकडे वळले. सुचित्रा मधुसूदनकडे बघत राहिली. वखर? चेंडू जमिनीलगत सरपटत आला आणि तिच्या पायांमधून गेला. थोड्या वेळानं तो ओरडला, ‘मोट!’ या वेळी चेंडू उंच उडाला आणि तिच्या डोक्यावरून गोलमध्ये पडला. शब्द तर आईच्याच तोंडचे वाटत होते. कधीतरी स्वयंपाक करताना आई गावाकडचं काही सांगत असायची, त्यात ते होते. पण तेव्हा सुचित्राचे कान बाहेरच्या खेळाकडे असायचे.

मध्यंतराला डबेवाले दोन गोलनं पुढे होते. जयसिंग आवाज न चढवता म्हणाला, तू तर सगळं समजतं म्हणाली होतीस. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. बाकीचे संत्री सोलत राहिले. तिच्यापुढे कुणी फोड केली नाही.

ती उठली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडिलांकडे धावत गेली. वचन आईनं दिलं होतं, बाबांनी नव्हे. घाईत तिच्या तोंडून मराठीच निघालं.

‘बाबा, वखर म्हणजे काय? आणि मोट?’

श्रीपत यांचा चेहरा असा उजळला, की जणू दुसरी बढती मिळाली. लेकीनं गावचं काही विचारलं होतं, तेही मराठीत. आता घाई कसली? ते उकिडवे बसले, काटकी घेतली आणि मातीत आधी आजोबांचं शेत काढलं. मग बांध काढला. मग बांधावरचं बाभळीचं झाड. सुचित्रा म्हणत होती, बाबा, दहाच मिनिटं आहेत. ते म्हणत होते, झाड काढल्याशिवाय विहीर कुठं ते कसं कळणार? अखेर एकदाचं त्यांनी सांगितलं. वखराला लोखंडाची आडवी पास, म्हणजे पातं, असते, ती मातीलगत खरवडत जाते, जमीन सोडत नाही. आणि मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल ओढतात तशी ती वर वर येते आणि काठावर रिकामी होते.

‘आणि तिफण सांगतो आता,’ असं म्हणून त्यांनी नवी जागा साफ केली, तोच शिट्टी झाली.

दुसऱ्या डावात मधुसूदन ‘वखर’ म्हणाला की सुचित्रा ओरडायची, ‘नीचे!’ आणि इंजिनवाले पाय आडवे घालायचे. तो ‘मोट’ म्हणाला की ती ओरडायची, ‘ऊपर!’ आणि दोघं डोकं मारायला उडी घ्यायचे. डबेवाल्यांचा खेळ अडकला. जयसिंगनं एक गोल केला, मग आणखी एक. दोन-दोन बरोबरी झाली. जयसिंग पळता पळता सुचित्राकडे बघून हसला.

शेवटचं मिनिट उरलं असताना एका इंजिनवाल्यानं मधुसूदनचा सदरा ओढला. हेमचंद्रबाबूंनी डबेवाल्यांना फ्री किक दिली, गोलपासून पंधराच पावलांवर. मधुसूदननं चेंडू नीट ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं येऊन उभे राहिले. तो शांतपणे म्हणाला, ‘तिफण.’

सगळे इंजिनवाले सुचित्राकडे बघू लागले. तिला माहीत नव्हतं. बाबा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. जवळच कडेला, डबेवाल्यांच्या बायकांत, मटार सोलत आई बसली होती. घरी अडलं की हाक मारावी, तशी तिनं हाक मारली.

‘आई, तिफण म्हणजे काय गं?’

‘अगं, पेरणीची असते ती,’ मटारावरची नजर न काढता कमल म्हणाली, ‘तीन दात असतात तिला, तिन्ही एका वेळी—’

आणि तिथं तिनं जीभ चावली. अकरा वर्षं ती या एका प्रश्नाची वाट बघत होती, उत्तर द्यायला तिनं वेळ लावलाच कसा असता?

सुचित्राला कळलं. तिघं एका वेळी धावत येणार होते. दोघं नुसते चेंडूवरून पुढे जाणार आणि तिसरा मारणार. मधुसूदनलाही कळलं, की तिला कळलं. ‘चाची!’ तो कळवळून म्हणाला. कमलनं मटाराची टोपली तोंडापुढे धरली. डबेवाले म्हणाले ही बेइमानी आहे, इंजिनवाले म्हणाले विचारायला मनाई कुठं आहे, आणि हेमचंद्रबाबू म्हणाले की आई बोलली तर काय करायचं, याचा नियम त्यांच्या पुस्तकात नाही.

सुचित्रा गोलमधून पुढे आली. मला वचन मोडून मिळालेला शब्द नको, असं तिनं मधुसूदनला सांगितलं. त्यांनी नवा डाव ठरवावा, तोवर ती ऐकणार नाही. मग ती परत गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं दोन्ही कानांत बोटं घातली.

जयसिंग हे बघत होता. जिंकायची संधी आपणहून परत करणारा गोलकीपर त्यानं पाहिला नव्हता. तो पुटपुटत तिच्याजवळ आला आणि तिच्याशेजारी उभं राहून त्यानंही कानांत बोटं घातली. मग आपल्या मुलांवर खेकसला, ‘देख क्या रहे हो? हमारी गोलकीपर ने कहा है, कान बंद.’ आणि अकराच्या अकरा इंजिनवाले कान झाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे सगळं मैदान हसत होतं, पण ते त्यांना ऐकू येत नव्हतं. हेमचंद्रबाबूंनी शिट्टी वाजवली, तीही ऐकू आली नाही. शेवटी त्यांना एकेकाच्या खांद्यावर टकटक करत फिरावं लागलं.

सुचित्रानं बोटं काढली आणि ती वळली. चेंडूमागे आता मधुसूदन एकटाच होता. तो काही बोलला नाही. तिनं तळहात स्वेटरला पुसले, दोन विटांच्या बरोबर मध्ये उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघू लागली. तो धावत आला, त्याचा पाय चेंडूला लागला, आणि सुचित्रा डावीकडे झेपावली.