माझ्या भिंतीवरचे खडूचे आकडे

मित्रांनो, हाताने ओढायच्या लोखंडी जाळीची लिफ्ट तुम्ही क्वचितच पाहिली असेल. मी तशीच एक जुनी लिफ्ट आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या पितळी बटणांत तोंड दिसायचं. माणसं उगाचच वर-खाली करायची. पुढे मी कुरकुरू लागले, तशी तीच माणसं नावं ठेवू लागली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. टाकेमावशींनी पाठ फिरवली, ते मात्र मनाला लागलं.

टाकेमावशी पाचव्या मजल्यावर कपडे शिवतात. गळ्यात टेप, खिशात खडू. एका दुपारी शिवलेले कपडे घेऊन त्या माझ्यातून खाली निघाल्या आणि तिसऱ्या मजल्यापाशी एकाएकी त्यांची छाती धडधडू लागली. दरदरून घाम फुटला, श्वास पुरेना. आता आपण मरणार, असंच त्यांना वाटलं. मी तर नेहमीसारखीच चालले होते! डॉक्टरांनी तपासलं, तर हृदय ठणठणीत निघालं. पण मावशींनी माझा धसका घेतला तो घेतलाच. आधी जिना धरला. मग जिन्यातही तसं होईल, रस्त्यातही होईल, या धास्तीने घराबाहेर पडणंच सोडलं. त्यांची लेक गुणाची. गिऱ्हाइकांकडे जाणं, बाजारहाट, सगळं तिनेच अंगावर घेतलं. मायेपोटीच घेतलं, पण त्यामुळे मावशींची भीती घरात ठाण मांडून बसली.

मग लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली. तीन महिन्यांनी रुजू व्हायचं होतं.

"मी नाही जात," माझ्या जाळीपाशी उभी राहून ती शेजारणीला म्हणाली. "आईचं कोण बघणार?"

मावशींनी ते दारातून ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक समुपदेशक बाई घरी पाठवल्या.

बाई मावशींना घेऊन माझ्यात आल्या. जाळी उघडीच ठेवली. म्हणाल्या, "भीती चढते तशी उतरतेही. तुम्ही ती चढतानाच पळता, म्हणून उतरलेली कधी दिसलीच नाही. आज नुसतं थांबून बघू. दहापैकी किती वाटतेय?"

"नऊ."

मावशींनी सवयीने खडू काढला आणि माझ्या भिंतीवर नऊ लिहिला. कापडावर माप लिहावं तसा. सावकाश श्वास सोडत त्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने शेजारी सहा लिहिला. पुढच्या आठवड्यात एक मजला, मग दोन. भिंत आकड्यांनी भरत गेली. कधी चार, तर कधी पुन्हा आठ.

एका सकाळी वॉचमनकाकांनी पोरांच्या रेघोट्या समजून ती भिंत ओल्या फडक्याने लख्ख पुसली. मावशी पायरीवर मटकन बसल्या. "माझी सगळी मेहनत गेली हो," म्हणाल्या.

"आकडे गेले," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही मजले उतरलात, ते कोण पुसणार?"

काका इतके ओशाळले, की त्यानंतर आकड्यांना वळसा घालूनच फडकं मारत.

लेकीच्या जाण्याचा दिवस उजाडला. दोघी बॅग घेऊन माझ्यातून खाली आल्या. दारात गाडी उभी होती. लेक गाडीपाशी अडली आणि म्हणाली, "आई, मी राहते गं."

मावशी मागे वळल्या. एकट्याच आत आल्या, जाळी ओढली, पाचचं बटण दाबलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्या दिवशी मी एकदाही कुरकुरले नाही. पाचव्या मजल्यावर मी थांबले, पण मावशींनी जाळी उघडली नाही. उभ्याच राहिल्या. मग पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं. खाली लेक वर बघत उभी होती.

"आठ होते," मावशी म्हणाल्या. "आता पाच आहेत. जा तू."

मित्रांनो, मी जरा अडखळले की तुम्ही लगेच मेकॅनिकला बोलावता. मग तुमच्यातलं कुणी असं घाबरलं, तर "उगाच घाबरतोस" म्हणून हसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याच्याबरोबर एक मजला उतरा. आणि माझ्या भिंतीवर कुठे खडूचा आकडा दिसला, तर तेवढा राहू द्या.