सुनेला लागू पडलेला काढा

“माझ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या सुनेला विचारा!” पातेल्यावरचं झाकण काढत मावशीनं नव्या गिऱ्हाइकाला सांगितलं. “काय गं, किती वेळात आराम पडतो?”

सून ग्लास विसळत होती. “अर्ध्या तासात,” ती म्हणाली. “मला तर फार गुण येतो.”

हे सांगताना तिनं टपरीची फळी एका हातानं घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गिऱ्हाइकाचं तिकडे लक्ष नव्हतं. मावशीचंही नव्हतं, कारण आलं कसं ताजं आहे आणि ओवा कसा निवडून घेतलाय, हे सांगण्यात ती रंगून गेली होती.

सुताच्या कारखान्याच्या फाटकासमोर मावशीची काढ्याची टपरी होती. सर्दीखोकल्याचा काढाही तिच्याकडे मिळे, पण नाव झालं होतं ते पाळीच्या दुखण्यावरच्या काढ्याचं. आलं, ओवा, बडीशेप, दालचिनी, आणि उकळायची तिची पद्धत. बायका तिच्या कानाशी लागून कुजबुजत विचारायच्या आणि मावशी रस्ताभर ऐकू जाईल असं उत्तर द्यायची. “पाळी आलीये ना? मग लाजतेस काय? चोरी केलीस का कुणाची?”

एके काळी ती स्वतः याच कारखान्यात यंत्रापाशी उभी असायची. पोटात कळा येत असल्या तरी मुकादम बसू द्यायचा नाही. तेव्हा तिनं हा काढा करून बाटलीतून न्यायला सुरुवात केली, आणि त्यानं ती तगली. नवरा गेल्यावर याच काढ्यावर तिनं टपरी टाकली, मुलाला मोठं केलं, ट्रकवर कामाला चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. त्यामुळे काढ्याचा विषय निघाला की ती जरा हवेत चालायची. तेवढा हक्क तिला होता, असं आपणही म्हणू.

नवं गिऱ्हाईक गेलं आणि सून फळीखाली मटकन बसली. कोपऱ्यातली बादली ओढून घेतली आणि भडाभडा ओकली.

“अगं बाई! आज आली वाटतं तुझी?” मावशीनं घाईनं ग्लास भरला. “घे, गरम आहे तोवर घे.”

सुनेनं ग्लास हातानं बाजूला सारला. असं तिनं कधी केलं नव्हतं. “नको, आई.”

“अगं घे, अर्ध्या तासात...”

“नाही हो थांबत, आई. कधीच नाही थांबलं.”

मावशी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. “लग्न झाल्यापासून दर महिन्याला घेतेस की.”

“घेते. तुम्ही पहाटे उठून माझ्यासाठी वेगळा करता. पहिल्यांदा तुम्ही इतक्या मायेनं विचारलंत, मी म्हटलं बरं वाटलं. मग तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात. मग कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?”

मावशीला आधी रागच आला. या पोरीपायी आता आपण चारचौघींत तोंडघशी पडणार, असं तिच्या मनात आलं. मग तिला आठवलं की दर महिन्याला ही न्हाणीघरात नळ सोडून तासभर आत बसते. आपण बाहेरून ओरडायचो, राणीसरकारांची आंघोळ झाली का म्हणून. आत पोर कण्हत असणार, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडत असणार. मावशीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला सुनेकडे बघवेना.

तिनं शेगडी विझवली. कारखान्याची दिवसपाळी सुटायची वेळ झाली होती, पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

“काय करताय, आई?”

“दवाखान्यात जायचंय. ऊठ.”

“आत्ता? गिऱ्हाईक परत जाईल. उद्या जाऊ. आणि तिथं कारखान्यातल्या बायका असतात, त्यांनी विचारलं तर?”

“विचारू देत. त्यांना तोंड आहे तसं मलाही आहे.” मावशीनं तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

दवाखान्यात बाकावर नेमकी बॉबिनवाली बसलेली. कारखान्यात यंत्रावरच्या सुताच्या बॉबिनी बदलायचं काम करायची म्हणून तिला सगळे तसंच म्हणायचे. ती मावशीचं जुनं गिऱ्हाईक.

“मावशी? तुम्ही आणि दवाखान्यात?”

“आईंचे गुडघे दुखतात,” सून पटकन म्हणाली.

“माझे गुडघे ठणठणीत आहेत,” मावशी म्हणाली आणि खिडकीवर जाऊन सुनेच्या नावाची चिठ्ठी घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. त्यांनी विचारलं, “दुखणं किती असतं?”

“तसं फार नाही,” सून खाली बघत म्हणाली. “आईंच्या काढ्यानं बरं वाटतं.”

इथंही ती सासूची लाज राखायला निघाली होती. मावशी टेबलाजवळ सरकली.

“खोटं बोलतेय ती, डॉक्टर. माझ्यापायी बोलतेय.” आवाज खाली आणणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आज तिनं तसा प्रयत्नही केला नाही. “माझ्या काढ्याचा हिला काडीचाही उपयोग झालेला नाही. ओकते, उभं राहवत नाही हिला. आणि मी हिलाच पुढे करून काढा विकत होते.”

पडद्याबाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

“काढ्यानं पुष्कळ जणींना आराम पडतो, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शेकलं, गरम काही घेतलं, की साधं दुखणं हलकं होतं. पण हे साधं दिसत नाही. पोटाची तपासणी करावी लागेल. आणलंत हे बरं केलंत. यावर उपाय आहेत. तुम्ही जरा बाहेर थांबा.”

मावशी बाहेर आली. बाकावरच्या बायका जमिनीकडे, भिंतीकडे, कुठंही बघत होत्या. उद्या ही गोष्ट यंत्रायंत्रापाशी पोचणार, हे तिला कळत होतं. ती मान ताठ ठेवून बसली, पण तिची बोटं पदराशी चाळा करत होती.

बॉबिनवाली सरकत तिच्याजवळ आली. हळूच म्हणाली, “मावशी, रागावू नका. मला पण नाही हो थांबत.”

“काय?”

“तुमच्या काढ्यानं. पहिल्यापासूनच. तुमची सून सांगायची ना, अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून मला वाटलं माझ्यातच काहीतरी खोट आहे.” तिचे डोळे भरून आले. “मी तर खोकल्याचं औषध घ्यायला आलेय. हे नाही सांगणार डॉक्टरीणबाईंना.”

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग उठली, सरळ खिडकीपाशी गेली आणि काचेवर बोटानं टकटक केली.

“अजून एक चिठ्ठी करा. पोटाच्या तपासणीची.”

“आणि कुणाची?” आतल्या माणसानं विचारलं. “तुमची कोण लागते?”

“गिऱ्हाईक आहे माझं,” मावशी म्हणाली आणि चिठ्ठी हातात पडेपर्यंत तिथून हलली नाही.