घरी येताना घालायचा गाऊन

मित्रांनो, नायगाव पूर्वेच्या एका उंच इमारतीत, गॅलरीच्या दोरीवर, इवल्याशा झबल्यांच्या शेजारी पिस्ता रंगाची, पांढऱ्या फुलांची फडकी वाळताना दिसली तर नाक मुरडू नका. तो मी आहे. मी एक जुना गाऊन आहे, निदान परवापरवापर्यंत तरी होतो. आता माझे तुकडे झालेत आणि घरातली माणसं त्यांना लंगोट म्हणतात. माझी हकीकत फार आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हसायला आला असाल तर पुढच्या दोरीवर जा, तिथे टीशर्ट आहेत.

माझा जन्म आगाशीच्या वाटेवर, प्रिस्का मावशींच्या शिलाई मशीनवर झाला. विरारच्या शाळेत शिकवणाऱ्या सुहासिनीबाईंना तेव्हा दिवस भरत आले होते. त्यांनी मऊ सुती कापड आणलं आणि मावशींना बजावलं, "पोटाला काही घट्ट नको. पुढून उघडायला हवा, म्हणजे बाळाला चटकन घेता येईल."

मावशींनी कापड टेबलावर पसरलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, गाऊन शिवायचाय की मांडव घालायचाय? तू, बाळ आणि तुझा नवरा, तिघं मावाल यात."

"नवऱ्याला नको, तो घोरतो," सुहासिनीबाई म्हणाल्या.

अशा हसण्याखिदळण्यात मी शिवला गेलो. गळ्यापासून पोटापर्यंत टिचबटणं, कमरेला ना नाडी ना पट्टा, बाह्या ढगळ. देखणा मी कधीच नव्हतो. पण इस्पितळातून बाळाला घेऊन घरी येताना सुहासिनीबाईंनी मलाच घातलं. दारात जमलेल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. साडी नेसायची सोडून ही बया गाऊनवर आली! सुहासिनीबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या पाटावर टेकल्या, दोन बटणं उघडली आणि बाळाला जवळ घेतलं. ते बाळ म्हणजे सुरुची. तिचे पहिले दुधाचे थेंब माझ्यावर सांडले. त्या दिवशी मी जितका मिरवलो तितका पुढे कधी मिरवलो नाही.

नंतर मी रोजच्या राबत्यातला झालो. हळदीचे डाग पडले, बटणं सैल झाली, रंग विटला. नवे गाऊन आले तसा मी कपाटाच्या खालच्या फळीवर गेलो. मला फरशी पुसायला घ्यावं असं घरात एकदोनदा निघालंही. सुहासिनीबाईंचे यजमान श्रीपतराव तर मला उचलून बादलीपर्यंत घेऊन गेले होते. पण बाईंनी मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं, धुतलं आणि डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं. ट्रंकेतली वर्षं कशी गेली ते विचारू नका. अंधारात कापडाला काही उद्योग नसतो.

एक दिवस झाकण उघडलं. सुरुचीचं लग्न होऊन ती जूचंद्रच्या एका घरात पडली होती आणि आता तिला पाचवा महिना लागला होता. मधल्या काळात तिच्या सासरच्यांनी गावातलं घर सोडून नायगावच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. सुहासिनीबाईंनी मला रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, सैल झालेली बटणं बदलली आणि मांडीवर घेऊन लेकीला म्हणाल्या, "दवाखान्यातून येताना हा घाल. कोणी काही का म्हणेना. त्या दिवशी अंगाला काही टोचलं, काचलं की जन्मभर लक्षात राहतं."

"आई, किती जुनाट आहे गं हा!"

"जुना आहे म्हणूनच मऊ आहे. आणि मी असेनच की तिथे घालायला."

त्या तिथे असणार होत्या, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. पण डोहाळजेवणाआधीच सुहासिनीबाई गेल्या. शाळेतून आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि संपलंच सगळं. दिवसकार्य झाल्यावर बायकांनी त्यांचे कपडे वाटायला काढले. सुरुचीने एकच कपडा मागून घेतला. मला छातीशी धरून ती इतकी रडली की मी पिळून काढण्याइतका ओला झालो. ज्या अंगावर मी जगलो ते अंग आता कुठेच नव्हतं, हे मला त्या ओलीतून कळलं.

माहेरी आई नाही, मग बाळंतपण करणार कोण? श्रीपतरावांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. "माजे घरान होऊ दे पोरीचं बालंतपन. मी काय मेले?" म्हणाल्या. मित्रांनो, ही बाई वाईट असती तर माझी गोष्ट सोपी झाली असती. ती वाईट नव्हती. डिंकाचे लाडू तिने स्वतः वळले, शेक-शेगडीची तयारी केली, सुनेला जड उचलू दिलं नाही. फक्त सुनेला काही विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. आणि सुरुचीही अशी की स्वतःच्या मनातलं बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. तिने मला इस्पितळाच्या बॅगेत तळाशी ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. आईचं नाव काढलं की रडू येई, म्हणून सांगायचं राहूनच गेलं.

कळा सुरू झाल्या आणि सगळी वसईच्या एका इस्पितळात पोचली. बाळ आडवं आलंय, सिझर करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुरुचीला आत नेलं. बाहेर सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी बॅग उघडली.

आता एक रीत ऐका. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड फाडतात, त्यात बाळाला गुंडाळतात. मोठी शहाणी रीत आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण हल्ली घरोघरी सुती लुगडी राहिलीत कुठे? सासूबाई शेजारच्या बाकावरच्या बाईला हेच सांगत होत्या. "माज्या साड्या सगल्या नायलॉनच्या. बालाच्या अंगाला टोचतील गो. मना ती एकच कालजी." आणि बोलता बोलता त्यांचा हात माझ्यावर पडला.

त्यांनी मला बाहेर काढलं, गालाला लावून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "बग, पोरीनं आठवनीनं जुना कपडा आनलाय! आय नाय तिला, तरी समदं कसं बरोबर कलतं."

मला ओरडता येत असतं तर मी इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं. बाई, मी घालायचा आहे, फाडायचा नाही! पण कापडाला फाटतानाच काय तो आवाज असतो. त्यांनी माझी शिवण दातांनी उसवली आणि मला सरळ टरकावलं. बटणांची पट्टी बाळाला बोचेल म्हणून फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. ढगळ बाह्यांचे लंगोट झाले, पाठीचं दुपटं झालं. सगळं कसं मायेने, घड्या घालून. मला दुखलं ते मायेने कमी झालं नाही.

मुलगी झाली. तिला माझ्या पाठीच्या तुकड्यात गुंडाळून आईजवळ आणलं. सुरुची गुंगीतून नुकतीच बाहेर येत होती. तिने आधी बाळाचं तोंड पाहिलं आणि हसली. मग तिची नजर खाली आली, पिस्ता रंगावर, पांढऱ्या फुलांवर. हसू तसंच ओठांवर राहिलं, पण डोळे विझले.

"कवरा मऊ कपडा आनलास गो पोरी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

सुरुचीने दुपट्याची कड बोटांत धरली. मग म्हणाली, "हो, मम्मी."

तिचे अश्रू माझ्यावर पडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाचे आहेत. ते कसले होते ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि माझ्या ठाऊक असण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

घरी सोडायचा दिवस आला. सिस्टर सांगून गेल्या, "सैल काहीतरी घाला हां. टाक्यांवर कमरेचं काही यायला नको." आणि त्यांच्या पाठोपाठ नणंद पिंकी एक चकचकीत पिशवी घेऊन आली. आत आई आणि बाळ दोघींना मॅचिंग, अबोली रंगाचे ड्रेस होते. सुरुचीच्या ड्रेसला कमरेवर रुंद पट्टा आणि पाठीला चेन होती. "वहिनी, फोटो एकदम भारी येणार! घरी फुगे लावलेत, सगळे वाट बघतायत," पिंकी म्हणाली. तिच्याही मनात खोट नव्हती, बिचारीने रंग निवडण्यात दोन दुपारी घालवल्या होत्या.

सुरुचीने बॅगेत हात घालून तळ चाचपला. तिथे मी नाही हे तिला ठाऊक होतं, तरी चाचपला. "मम्मी, एखादी मॅक्सी आहे का?"

"ती घरला गेल्यावर घाल. दारान समदी उभी असतील, मॅक्सीवर बरी दिसशील काय?"

बस, तिने विचारलं ते एवढंच. सुरुचीचा नवरा जितेंद्र बिल भरून आला तेव्हा ती ड्रेस घालून, पलंगाची कड धरून उभी होती. "छान दिसतेस," तो म्हणाला. तीही त्याला हसून दाखवून मोकळी झाली.

रिक्षात मी सासूबाईंच्या मांडीवर होतो, बाळाला लपेटून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा सुरुचीच्या चेहऱ्यावर दिसत होता. पट्टा टाक्यांवर येऊ नये म्हणून तिने तो दोन्ही हातांच्या बोटांनी पुढे ओढून धरला होता. दोन्ही हात तिथे गुंतले, म्हणून स्वतःच्या लेकीला तिला मांडीवरही घेता आलं नाही.

दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मग फोटो सुरू झाले. फुग्यांपुढे बसून, उभं राहून, बाळाला उंच धरून. बाळ भुकेने कळवळू लागलं. सुरुचीने जवळ घेतलं, पण चेन पाठीवर, आणि खोलीभर माणसं. "आत जाऊ का?" तिने विचारलं. "थांब ना वहिनी, आत्याचा एक राहिलाय," पिंकी म्हणाली आणि धावत जाऊन बाटलीत दूध करून आणलं. बाळ बाटली चोखू लागलं, आणि सुरुचीचं दूध अबोली कापडावर पसरत गेलं. तेव्हा कुठे फोटो थांबले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, मित्रांनो. शाबूत असतो तर दोन बटणांचं काम होतं.

पट्ट्याखाली टाके ओलावले होते. दोनेक दिवसांत ताप चढला, जखम चिघळली आणि तिला पुन्हा दाखल करावं लागलं. बाळाला इस्पितळात न्यायचं नाही असं ठरलं. आई तिकडे, लेक इकडे. बाळ रडायचं आणि मी भिजायचो, एवढंच त्या घरात नेमाने चालू राहिलं.

तापाच्या ग्लानीत सुरुची जितेंद्रला एकच म्हणत होती, "आईचा गाऊन आण. पिस्ता रंगाचा. तो घालूनच घरी येणार होते मी." जितेंद्रने घरी येऊन आईला विचारलं, "मम्मी, तिच्या आईचा गाऊन कुठे ठेवलास?"

सासूबाई बाळाला पायांवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोरीकडे पाहिलं. मग जितेंद्रकडे पाहिलं. "तो तिचे आयचा व्हता?" त्यांनी विचारलं, आणि तोंडावर पदर घेतला.

त्या दुपारी त्यांनी माझे सगळे तुकडे गोळा केले आणि सुईदोरा घेऊन बसल्या. पाठीला पुढा जोडला तर बाह्या पुरेनात. बाह्या जोडल्या तर पुढा पुरेना. बटणांची पट्टी तर कधीच गेलेली. जे जोडलं ते लहान पोरीलाही झालं नसतं. शेवटी त्यांनी मला तसंच पिशवीत घातलं, बाळाला पिंकीच्या हवाली केलं आणि इस्पितळ गाठलं.

"मना कोनी सांगलंच नाय गो," त्या सुरुचीच्या पायांशी बसून म्हणाल्या.

"मी सांगितलं नाही, मम्मी. आणि तुम्हीही विचारलं नाहीत."

"मना तरी कोनी विचारलं व्हतं? जित्याचे बालंतपनाचे वेली हिरवा शालू नेसवून बसवली मना, कंबर फुटत व्हती. मना वाटलं, असंच असतं."

सुरुचीने मला नाकाशी धरलं. मला आधीच कळलं होतं, ती काय शोधते आहे. पण इतक्या धुण्यांत सुहासिनीबाई माझ्यातून निघून गेल्या होत्या. मला आता फक्त बाळाचा वास येत होता. तिने मला हळूच सासूबाईंच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "बाळाला लागतील."

ती बरी झाली, हे खरं. दूध मात्र तोवर आटलं होतं. पुन्हा घरी यायच्या दिवशी सासूबाई सकाळीच गेल्या. हातात एक नवी सुती मॅक्सी, एक सैल कुडता आणि स्वतःच्या धाकट्या जावेकडून मागून आणलेलं जुनं लुगडं. तिन्ही पलंगावर मांडून, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सुनेला विचारलं, "बाय, तुना काय घालाचं?"

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा त्याच्या बारशाची, फुग्यांची, नावाची चर्चा जरूर करा. पण ज्या बाईच्या पोटाला टाके आहेत तिला आधी हा एवढासा प्रश्न विचारा, आणि तिच्या तोंडून उत्तर येईपर्यंत थांबा. जुनं कापड हाती लागलं तरी फाडण्यापूर्वी विचारा, ते कोणाचं आहे. विचारायला काही लागत नाही. मात्र ते वेळेवर विचारावं लागतं.

कारण सुरुचीने त्या तिन्ही कपड्यांकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाली, "काहीही चालेल."